छाती असिलाची, पिल्लू कंपनीचे

अयोध्येचा नवाब आसफउद्दौला याच्या पदरी असलेल्या कर्नल मॉर्डंट या इंग्रज अंमलदाराने लखनौस लावलेल्या कोंबड्यांच्या झुंजीचे जे चित्र जोहान झोफनी या चित्रकाराने वॉरन हेस्टिंग्ज याच्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस रंगविले, त्यात नवाब, त्याचे दरबारी, कंपनीचे गोरे अधिकारी आणि हुजरे यांची एवढी दाटी आहे की ज्यांच्यासाठी हा समुदाय जमला, ते पक्षी त्या गर्दीत शोधावे लागतात. ती नवाबी गेली आणि तिच्यामागोमाग ती कंपनीही गेली. झुंजीच्या कोंबड्याचे कूळ मात्र टिकले, आणि त्याच्या रक्ताचा वाटा आज जगातील बहुतेक प्रत्येक खाटकाच्या दुकानात, नाव हरवून, टांगलेला आढळतो.

त्या कुळाचे नाव असील. उंच बांधा, आखूड व अंगाशी घट्ट बसलेली पिसे, जाड मान, वाटाण्याच्या दाण्यांसारखा बुटका तुरा आणि रुंद, भरीव छाती ही त्याची लक्षणे. हार न मानणे हा त्याचा स्वभाव. अंडी घालण्यात असील कोंबडी कंजूष, पण उबवणीस बसली आणि पिल्ले निघाली की घारीच्याही अंगावर धावून जाणारी. शौकिनांनी पिढ्यान् पिढ्या ही वंशावळ सरदार घराण्याच्या दिमाखाने राखली. तथापि शुद्धतेच्या या अभिमानाला निसर्गाचा दाखला नाही, हेही येथेच नमूद केलेले बरे. कारण पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा, हे डार्विनचे प्रतिपादन स्थूलमानाने खरे ठरले असले, तरी तिच्या पायांचा व कातडीचा पिवळेपणा आपल्या सह्याद्रीत व दक्षिणेकडील रानांत वावरणाऱ्या राखाडी रानकोंबड्याकडून आलेला आहे, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने दाखविले. संकर ही विलायती युक्ती नव्हे. मनुष्य तिचा हिशेब ठेवू लागण्यापूर्वीच ती घडून गेली होती.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास असलेल्या कॉर्नवॉल परगण्यातील सर वॉल्टर गिल्बर्ट हा कंपनीच्या फौजेतील सेनापती. पुढे दुसऱ्या शीख युद्धात नाव मिळविलेल्या या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातून असील नेऊन आपल्या मुलखातील झुंजीच्या पक्ष्यांशी त्याचा संकर केला, अशी परंपरा आहे. हेतू अर्थातच अधिक जबरदस्त लढवय्या निर्माण करण्याचा होता; तो साफ फसला. निपजलेला पक्षी जड आणि संथ झाला, त्यातच १८३५ च्या कायद्याने इंग्लंडात झुंजींवर बंदी आली; परंतु त्याच्या छातीवर इतके मांस होते की रिंगणातून बाद झालेल्या या पक्ष्याला मुदपाकखान्यात मानाची जागा मिळाली. तेथे त्याला ‘इंडियन गेम’ म्हणत. अमेरिकेत गेल्यावर कालांतराने ते नावही पुसले गेले आणि तो नुसता ‘कॉर्निश’ झाला.

मध्यंतरी १८४५ च्या लंडनमधील प्रदर्शनापासून आणि १८४९ च्या बॉस्टनमधील प्रदर्शनापासून विलायतेत व अमेरिकेत कोंबड्यांचे जे वेड पसरले, त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही. व्हिक्टोरिया राणीच्या खुराड्यात चीनकडचे थोराड पक्षी आले, म्हणून हौशी लोकांनी एकेका जोडीस अवाच्या सवा किमती मोजल्या. त्या हौसेला अंड्यांपेक्षा पिसांचे कौतुक अधिक. तिचा एक उपकार मात्र मान्य केला पाहिजे: प्लिमथ रॉक, ऱ्होड आयलंड रेड आणि पुढे न्यू हॅम्पशायर अशा दुहेरी उपयोगाच्या जाती या घालमेलीतून स्थिर झाल्या, आणि पुढच्या शास्त्रज्ञांना आयता माल मिळाला. केंब्रिजच्या विल्यम बेटसनने मेंडेलचे नियम प्राणिसृष्टीलाही लागू पडतात, हे १९०२ मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून सिद्ध केले. त्याच्या प्रयोगांतील पक्ष्यांमध्ये लेगहॉर्नच्या जोडीने हे इंडियन गेमही होते. असिलाचा वाटाणी तुरा असा आनुवंशशास्त्राच्या दफ्तरी नोंदला गेला.

एवढे होऊनही मांसासाठी म्हणून कोंबडी पाळण्याची वहिवाट नव्हती. अंड्यांसाठी कळप ठेवावा, त्यातले जादा नर आणि अंडी थांबलेल्या माद्या विकाव्यात, असा व्यवहार. अमेरिकेतील डेलावेअर संस्थानात सीलिया स्टील नावाच्या शेतकरी स्त्रीने १९२३ मध्ये अंड्यांसाठी ५० पिल्ले मागविली असता चुकून ५०० आली. तिने ती परत न धाडता वाढवून मांसासाठी विकली आणि एवढा नफा मिळविला की साऱ्या टापूने तिचे अनुकरण केले. दुसऱ्या महायुद्धात गोमांसावर नियंत्रण आले, तेव्हा कोंबडीचा खप वाढला. पण युद्ध संपताच गिऱ्हाईक पुन्हा गोमांसाकडे वळेल, या धास्तीने ए अँड पी या बड्या दुकानदार कंपनीने सरकारी कृषिखात्याच्या सहकार्याने ‘उद्याची कोंबडी’ नावाची स्पर्धा १९४५ मध्ये जाहीर केली.

ही स्पर्धा म्हणजे कुक्कुटपालनाच्या इतिहासातील पानिपतच. आदर्श कोंबडीची, म्हणजे रुंद छातीच्या आणि भरल्या मांडीच्या धडाची, मेणाची प्रतिमा परीक्षकांपुढे ठेवण्यात आली, आणि जिवंत पक्ष्याने त्या मेणासारखे व्हावे, असा जणू हुकूम सुटला. प्रांतोप्रांतीच्या फेऱ्या होऊन १९४८ मध्ये डेलावेअरमधील जॉर्जटाउन येथे अखेरची परीक्षा झाली. उमेदवारांनी पक्षी नव्हे, अंडी पाठवायची. ती एकाच ठिकाणी उबवून, एकच खाद्य घालून, बारा आठवडे वाढविलेल्या पिल्लांची कत्तल करून वजन, छाती आणि खाद्याचा खर्च यांचा जमाखर्च मांडायचा. पिसांची ऐट दाखविण्यास तेथे वावच नव्हता. कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेसने तांबड्या कॉर्निश नराचा न्यू हॅम्पशायर मादीशी संकर करून पहिला क्रमांक पटकावला, आणि आर्कान्सामधील फेएटव्हिल येथे १९५१ च्या अंतिम फेरीतही तोच जिंकला. लखनौच्या रिंगणातील छाती अखेर अशी अजिंक्य ठरली. फरक एवढाच की आता लढणे तिच्याकडून अपेक्षित नव्हते.

पण या कथेचे मर्म त्या छातीहून खोल आहे. मांस आणि अंडी हे दोन्ही गुण एकाच कोंबडीत पराकोटीला नेता येत नाहीत. म्हणून पैदासकाराने नराचे कूळ मांसासाठी आणि मादीचे कूळ अंड्यांसाठी वेगळे राखावे, पुढे त्या प्रत्येकाचेही दोन पोटभेद करावेत आणि चौघांच्या मीलनाने विक्रीचे पिल्लू काढावे, ही पद्धत रूढ झाली. मक्याच्या संकरित वाणाचा प्रसार करणाऱ्या, पुढे अमेरिकेचा उपाध्यक्ष झालेल्या हेन्री वॉलेसच्या संस्थेने अंड्यांच्या कोंबड्यांत हाच मार्ग धरला होता. अशा पिल्लापासून शेतकऱ्याने स्वतः संतती घेतली, तर आजोबापणज्यांचे गुण विस्कटून बाहेर पडतात आणि कळप एकसारखा राहत नाही. म्हणजे मूळ कुळे ज्याच्या मालकीची, त्याच्याच हाती पुढल्या पिढीचा मक्ता. मांसल पिल्लांच्या आईबापांची दशा तर विलक्षण आहे: त्यांची भूक निवडीनेच इतकी वाढविलेली असते की पोटभर घातले तर ते लठ्ठ होऊन अंडी देईनासे होतात, म्हणून त्यांना आयुष्यभर मोजून, अर्धपोटी ठेवावे लागते.

व्हँट्रेसचा व्यवसाय कालांतराने कॉब या कंपनीशी जोडला गेला. इकडे डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये हैदराबादेत स्थापिलेल्या आणि पुढे पुण्यास मुख्य ठाणे केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने त्याच कॉबच्या सहकार्याने ‘व्हेनकॉब’ आणि बॅबकॉक कुळातून अंड्यांसाठी ‘बीव्ही ३००’ आणली. असील अशा रीतीने दीडशे वर्षांनी, पांढरी पिसे लेवून, विलायती पाहुणा म्हणून मायदेशी परतला. गावोगावचे लोक त्याला ‘बॉयलर’ म्हणू लागले आणि आपल्या कोंबडीला ‘गावठी’.

याचा लाभ मी नाकारीत नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९५७ ची आणि २००५ ची मांसल जात एकाच खाद्यावर वाढवून पाहिली, तेव्हा ५६ दिवसांत पहिलीचे वजन ९०५ ग्रॅम, तर दुसरीचे ४,२०२ ग्रॅम भरले. मांस गरिबाच्या ताटात येण्याजोगे झाले ते या फरकामुळे. शिवाय १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापून रावांनी अंड्यांचा भाव व्यापाऱ्याच्या हातून काढून उत्पादकाच्या हाती दिला, हेही मोठे कार्य. परंतु परसातली कोंबडी खुडूक बसे, तेव्हा दाणागोटा सोडल्यास पुढल्या कळपाला पैसा पडत नसे, आणि अंड्यांचा तो किरकोळ पैसा घरच्या बाईचा स्वतःचा असे. संकरित कोंबडीचे खुडूकपण पैदासकारांनी निवडीनेच घालविले. त्याबरोबर हे स्वातंत्र्यही गेले. आज करारावर शेड चालविणाऱ्या शेतकऱ्याकडे जागा आणि मेहनत आपली, पिल्लू आणि खाद्य कंपनीचे, अशी वाटणी असते. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू उद्भवला आणि लाखो पक्षी मारावे लागले, तेव्हा दाटीवाटीच्या पालनाचा दुसरा खर्चही हिशेबात आला.

परसासाठी वेगळा संकर हवा, हे संशोधकांनी ओळखले होते. बंगळूरची ‘गिरिराजा’, हैदराबादची ‘वनराजा’ आणि इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असिलापासून काढलेली ‘निर्भीक’ ही त्याची फळे. पण या प्रत्येक संकराला मूळ कूळ निर्भेळ लागते, आणि असिलाचे कूळ आजही मुख्यत्वे झुंजीच्या शौकिनांनीच राखले आहे. ज्या शौकाला कायदा गुन्हा ठरवितो, त्याच्याच भरवशावर एवढा ठेवा सोडणे शहाणपणाचे नव्हे. महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन खात्याने असिलाचे कळप स्वतंत्र क्षेत्रांवर, शुद्ध नोंदवह्यांसह राखावेत आणि त्यांची अंडी मागेल त्या शेतकऱ्याला माफक दराने द्यावीत.