गुलाबी रंग, पत्त्यांचा कॅट आणि सोळा वर्षांचा तुरुंग

बरेच दिवसांनी लिहितेय. मागच्या महिन्यात लॅबमध्ये एक छोटासा घोळ झाला, तिथून या लेखाची सुरुवात झाली.

मी पेशींमधल्या नायट्रिक ऑक्साईडवर काम करते, हे तुम्हाला जुन्या पोस्ट्समधून माहीत असेल. नायट्रिक ऑक्साईड क्षणभरच टिकतो, म्हणून आम्ही त्यापासून बनणारं नायट्राइट मोजतो. त्यासाठी ग्रीस रिएजंट वापरतात. नमुन्यात दोन द्रावणं टाकायची, दहा मिनिटं थांबायचं. नायट्राइट असेल तर गुलाबी रंग येतो. जितका गडद रंग, तितकं नायट्राइट जास्त. बारावीच्या मुलालाही जमेल इतकं सोपं.

तर त्या दिवशी माझा ब्लँकच गुलाबी झाला. ब्लँक म्हणजे ज्यात काहीच नसायला हवं असा नमुना. मी आधी नमुन्यांचे आकडे बघून खूश झाले होते, आलेखसुद्धा काढून ठेवला होता. गाईडनी आलेख बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "ब्लँक कुठंय?" शोधता शोधता कळलं की धुण्याच्या बाटलीतल्या पाण्यातच नायट्राइट होतं. आठवडाभराचं काम कचऱ्यात गेलं. माझं नुकसान एवढंच.

पण याच गुलाबी रंगाने सहा माणसांना सोळा वर्षं तुरुंगात ठेवलं होतं. ती गोष्ट आज सांगायची आहे, आणि ती उलगडणाऱ्या पत्रकाराचीही.

बर्मिंगहॅम, २१ नोव्हेंबर १९७४

त्या रात्री इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात दोन पबमध्ये काही मिनिटांच्या अंतराने बॉम्बस्फोट झाले. एक 'मलबेरी बुश', दुसरा 'टॅव्हर्न इन द टाउन'. २१ माणसं गेली, दीडशेहून जास्त जखमी झाली. मेलेल्यांत बरीचशी तरुण पोरं होती, गुरुवारी संध्याकाळी मित्रांबरोबर बसायला आलेली. संशय अर्थातच आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेवर होता. देशभर संतापाची लाट उसळली. आठवडाभरात संसदेने दहशतवादविरोधी कायदा मंजूर केला, यावरून वातावरणाची कल्पना येईल.

त्याच संध्याकाळी बर्मिंगहॅममध्ये राहणारे पाच आयरिश कामगार रेल्वेने हेशम बंदराकडे निघाले होते. तिथून बोटीने बेलफास्टला जायचं होतं. जेम्स मॅकडेड नावाचा त्यांच्या ओळखीतला माणूस आठवड्यापूर्वी कॉव्हेंट्रीत बॉम्ब लावताना स्वतःच मेला होता, त्याच्या अंत्यविधीला ते चालले होते. सहावा त्यांना स्टेशनवर सोडायला आला होता. आता तुम्हीच बघा, बॉम्बवाल्याच्या अंत्यविधीला निघालेले आयरिश लोक, नेमके त्याच रात्री, त्याच शहरातून. पोलिसांना संशय आला यात नवल नाही. त्यातून अंत्यविधीची गोष्ट त्यांनी आधी लपवली. बंदरावर त्यांना अडवून जवळच्या मोरकॅम पोलीस ठाण्यात नेलं.

पहाटे तिथे फ्रँक स्क्यूज हे सरकारी न्यायवैद्यक शास्त्रज्ञ आले. त्यांनी पाचही जणांचे हात पुसून घेतले आणि ग्रीस चाचणी केली. दोघांच्या उजव्या हाताचे नमुने गुलाबी झाले. नायट्रोग्लिसरीन, म्हणजे स्फोटक हाताळल्याची आपल्याला ९९ टक्के खात्री आहे, असं स्क्यूज यांनी नंतर न्यायालयात सांगितलं.

रंग नक्की कशाचा?

इथे थोडं रसायनशास्त्र सहन करा, कारण सगळी मेख इथेच आहे.

ग्रीस चाचणी नायट्रोग्लिसरीन ओळखत नाही. ती फक्त नायट्राइट ओळखते. हाताच्या नमुन्यात कॉस्टिक सोडा घातला की नायट्रोग्लिसरीन तुटतं आणि नायट्राइट बाहेर पडतं, मग त्याचा रंग येतो. म्हणजे आपण चोराला बघत नाही, त्याच्या चपलेचा ठसा बघतो. आणि तशीच चप्पल दुसऱ्या कुणाकडे असली तर?

अशी चप्पल घालणारा एक अगदी साधा पदार्थ आहे, नायट्रोसेल्युलोज. लाकडावरचं लॅकर, नेलपॉलिश, छापील वस्तूंवरचा चकचकीत थर, यांत तो असतो. कॉस्टिक सोड्याचं द्रावण जरा तीव्र असलं किंवा तापमान वाढलं तर तोही नायट्राइट सोडतो. त्या काळच्या पत्त्यांवर हाच थर असायचा. आणि हे पाच जण ट्रेनमध्ये वेळ घालवायला पत्ते खेळत बसले होते.

स्क्यूज यांचं म्हणणं होतं की आपण वापरलेल्या पद्धतीत नायट्रोसेल्युलोजचा रंग येत नाही. प्रयोगशाळेत नंतर केलेल्या जास्त नेमक्या चाचण्यांनी त्यांचा निकाल पक्का केला नाही, एका नमुन्यावरचा वाद मात्र शेवटपर्यंत चालू राहिला.

आता ९९ टक्क्यांचं बघू. समजा चाचणी खरंच इतकी चांगली आहे की शंभर निर्दोष माणसांपैकी एकाचाच हात चुकून गुलाबी होतो. त्या रात्री वेगवेगळ्या बंदरांवर ५,००० प्रवाशांची तपासणी केली असती, तर ५० निर्दोष माणसं 'बॉम्बवाली' ठरली असती. स्फोटक हाताळलं तर रंग येईल का, हा एक प्रश्न. रंग आला म्हणजे स्फोटकच हाताळलं का, हा वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवणं ही आम्हा विज्ञानवाल्यांची नेहमीची चूक. माझा गुलाबी ब्लँक हे त्याचंच छोटं रूप.

निकाल हाती आल्यावर पोलिसांच्या मनातली शंका संपली. पुढच्या दोन-तीन दिवसांत मारहाण आणि धमक्या झाल्याचं सहाही जण सांगत राहिले. चौघांनी कबुलीजबाबावर सह्या केल्या. हे जबाब एकमेकांशी नीट जुळतही नव्हते. १९७५च्या उन्हाळ्यात लँकेस्टरच्या किल्ल्यात खटला चालला. बचाव पक्षातर्फे डॉ. ह्यू ब्लॅक या स्फोटकतज्ज्ञांनी सांगितलं की दुसऱ्या पदार्थांनीही असा रंग येऊ शकतो. पण त्यांनी स्वतः प्रयोग करून पाहिले नव्हते. न्यायाधीशांना स्क्यूज जास्त पटले. ऑगस्टमध्ये सहाही जणांना जन्मठेप झाली.

पत्रकाराने काय केलं?

ख्रिस मलिन हा तेव्हा तरुण पत्रकार. खटल्याचं वार्तांकन करणाऱ्या एका मित्राने त्याच्याजवळ शंका बोलून दाखवली, की ही माणसं चुकीची पकडलीत. मलिन लगेच काही करू शकला नाही. बऱ्याच वर्षांनी ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या 'वर्ल्ड इन ॲक्शन' या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाने हे प्रकरण हाती घेतलं आणि तो त्यात उतरला.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की त्यांनी नुसते वाद घातले नाहीत, प्रयोग करून घेतला. दोन शास्त्रज्ञांना ग्रीस चाचणी पुन्हा करायला सांगितली. जुना पत्त्यांचा कॅट पिसला, हात तपासले, रंग गुलाबी! सिगारेटच्या पाकिटासारख्या रोजच्या वस्तूंनीही तोच रंग दिला. खटल्यात दहा वर्षांपूर्वी व्हायला हवा होता तो कंट्रोल टीव्हीवाल्यांनी लावला. कार्यक्रम ऑक्टोबर १९८५मध्ये दाखवला गेला. त्याच महिन्यात स्क्यूज नोकरीतून मुदतीआधी निवृत्त झाले.

मलिनने दुसरं काम केलं ते जास्त धोक्याचं होतं. हे सहा निर्दोष असतील तर दोषी कोण? तो आयआरएच्या जुन्या लोकांना शोधत आयर्लंडमध्ये फिरला. नाव उघड करणार नाही असा शब्द दिला, तेव्हा काही जण बोलले. त्यातल्या एकाने आपण स्वतः बॉम्ब ठेवल्याचं त्याला सांगितलं. या सगळ्यातून १९८६ साली त्याचं 'एरर ऑफ जजमेंट' हे पुस्तक आलं. पुढच्या वर्षी तो मजूर पक्षाचा खासदार झाला आणि संसदेतही याच विषयाच्या मागे लागला.

न्यायव्यवस्था मात्र सहजासहजी हलली नाही. १९८०मध्येच लॉर्ड डेनिंग या नामांकित न्यायाधीशांनी या सहा जणांचा पोलिसांविरुद्धचा दावा फेटाळताना म्हटलं होतं की हे खरं निघालं तर पोलिसांनी खोटं सांगितलं, मारहाण केली असा अर्थ होईल, आणि ते चित्र इतकं भयानक आहे की दावा पुढे जाऊच नये. तुम्ही हे वाक्य दोनदा वाचा. पुरावा खोटा आहे म्हणून नाही, खरा निघाला तर परवडणार नाही म्हणून! १९८८मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

शेवटी पोलिसांच्याच कागदांनी घात केला. लिहिताना खालच्या पानावर उमटणारे दाब इलेक्ट्रोस्टॅटिक तपासणीने दिसतात. त्यातून कळलं की चौकशीच्या काही नोंदी पोलीस सांगत होते तशा, त्या वेळी आणि त्या क्रमाने लिहिलेल्याच नव्हत्या. ग्रीस चाचणीचा पुरावाही तोवर पोकळ ठरला होता. सरकारी पक्षाने माघार घेतली आणि १४ मार्च १९९१ला सहाही जण सुटले. त्याच दिवशी सरकारने फौजदारी न्यायव्यवस्थेसाठी रॉयल कमिशन जाहीर केलं. त्यातून पुढे चुकीच्या शिक्षांची फेरतपासणी करणारा स्वतंत्र आयोग उभा राहिला, तो १९९७पासून काम करतोय.

पण गोष्ट इथे संपत नाही

इथे थांबले असते तर छान शेवट झाला असता. पण त्या २१ जणांच्या घरच्यांचं काय? आजपर्यंत या स्फोटांसाठी खऱ्या गुन्हेगारांपैकी कुणालाही शिक्षा झालेली नाही. आणि एक कबुली मलिनच्या वहीत आहे.

पोलिसांनी दहशतवादविरोधी कायद्याखाली त्याच्या टिपणांची मागणी केली. मलिन नाही म्हणाला. शब्द दिला नसता तर कुणी बोललंच नसतं आणि सहा निर्दोष माणसं आतच राहिली असती, असं त्याचं म्हणणं. मार्च २०२२मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मृतांचे नातेवाईक संतापले. ज्याच्या बहिणीला मारलं त्याचं नाव एका माणसाला माहीत आहे आणि तो सांगत नाही, हे कुणी कसं सहन करायचं?

मी यावर बरेच दिवस विचार केला. पत्रकाराने शब्द मोडला तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही, हे मला पटतं. नातेवाइकांचा राग चुकीचा आहे असं मात्र मला म्हणता येत नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मला एवढंच वाटतं की ही अडचण मुळात पत्रकाराने निर्माण केलेली नाही. पहिल्या पहाटे एका गुलाबी रंगावर सगळ्यांनी विश्वास ठेवला आणि खऱ्या गुन्हेगारांचा शोध तिथेच थांबला. चुकीचा माणूस आत गेला की योग्य माणूस बाहेर राहतो. सहा जणांवर अन्याय झाला तेव्हाच त्या २१ घरांवरही झाला, फक्त तो दिसायला सोळा वर्षं लागली.

जाता जाता एक गंमत. ही चाचणी शोधणारा पेटर ग्रीस हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ, पण आयुष्यातला मोठा काळ तो बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या एका बिअर कारखान्यात नोकरीला होता. हे गाव बर्मिंगहॅमपासून फार लांब नाही. नायट्राइटची ही चाचणी त्याने १८७९मध्ये प्रसिद्ध केली. त्याच्या रंगात काही खोट नव्हती. तो रंग आजही माझ्या बेंचवर रोज खरंच सांगतो, पण फक्त नायट्राइटबद्दल.

गाईडचा प्रश्न मी आता चिठ्ठीवर लिहून बेंचसमोर चिकटवलाय. तुम्हीही उद्या बातम्यांत 'फॉरेन्सिक अहवालात सिद्ध' असं ऐकलंत, तर तोच प्रश्न विचारा. ब्लँक कुठंय?