याज्ञवल्क्य स्मृती, आचाराध्याय, श्लोक ८२ ते ८४ : गृहिणीधर्मावर भाष्य

पनवेलच्या खाडीपासून ठाण्यापर्यंतचा मुलूख बाराव्या शतकात उत्तर कोकणच्या शिलाहारांकडे होता. त्यांच्यातल्या पहिल्या अपरादित्याचा शके १०६० चा शिलालेख शेजारच्या उरण तालुक्यात, चांजे येथे सापडला. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ‘अपरार्क’ टीका याच राजाच्या नावावर आहे आणि तिचा मान काश्मीरपर्यंत होता. पत्नीला सांगितलेले हे श्लोक या किनाऱ्याला परके नाहीत.

श्लोक ८२. नवरा, भाऊ, बाप, भाऊबंद, सासू, सासरे, दीर आणि इतर आप्त, सर्वांनी दागिने, वस्त्रे व अन्न देऊन स्त्रीचा मान राखावा. सुनेला उपदेश करणारे बहुधा पुढच्या श्लोकापासून सुरुवात करतात. हा वाचनातला अन्याय आहे. स्मृतीने घराचे देणे आधी सांगितले, सुनेचे नंतर.

श्लोक ८३, पहिला चरण. घरातल्या वस्तू नीट ठेवाव्यात, कामात तरबेज असावे. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातला विज्ञानेश्वर याच स्मृतीवरच्या आपल्या ‘मिताक्षरा’ टीकेत याचा अर्थ उखळ, मुसळ, सूप कांडण्याच्या जागी आणि पाटा-वरवंटा वाटण्याच्या जागी, असा लावतो. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. ज्या घरात भात कांडून, पाखडून, निवडून मगच चुलीवर चढते, त्या घरात सूप जागेवर नसले की सगळी सकाळ अडते. इथे शास्त्रकाराने बाईच्या श्रमाकडे खरोखर पाहिले आहे.

दुसरा चरण. आनंदी असावे, खर्चाकडे पाठ फिरवावी. विज्ञानेश्वर दुसऱ्या अटीचा अर्थ ‘उधळी नसावी’ एवढाच घेतो, आणि तेच योग्य आहे. पनवेलकडच्या बाईला आगोटीची बेगमी करायची असते: सुकी मासळी, मसाला, सरपण. पावसापूर्वी हात आखडणारी बाई श्रावणापर्यंत घर उपाशी ठेवील. मनूने तर नवव्या अध्यायात धनाचा सांभाळ आणि खर्च पत्नीकडेच सोपवला. हेतू तिला कामात गुंतवण्याचा होता, तरी हिशेब तिच्या हाती आला.

‘आनंदी’ मात्र मला मान्य होत नाही. विज्ञानेश्वर म्हणतो, मुख सदा हसरे असावे. सूप जागेवर ठेवता येते. मन तसे ठेवता येत नाही. वस्तूंच्या यादीत बाईचा आनंदही मोजला गेला आहे.

तिसरा-चौथा चरण. सासू-सासऱ्यांच्या पाया पडावे, पतीठायी तत्पर राहावे. यावर फार लिहिण्यासारखे नाही. मात्र ज्यांच्या पाया पडायचे, त्यांची नावे ८२ व्या श्लोकातल्या देणेकऱ्यांत आहेत.

श्लोक ८४. नवरा परगावी असता खेळ, शृंगार, मेळे-उत्सव, हसणे आणि परघरी जाणे सोडावे. आधीच्याच श्लोकात टीकाकाराला सदैव हवे असलेले हसू इथे वर्ज्य ठरते. म्हणजे ते तिचे कधी नव्हतेच, नवऱ्याच्या उपस्थितीचे होते. कोकणात हा श्लोक सर्वात जड जातो. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत नवरे गेले आणि मनिऑर्डरीवर बायकांनी शेत, गुरे, सासू-सासरे सांभाळले. लावणीला माणसे जमवायची, बियाणे उसने आणायचे, बाळंतपणाला सुईण बोलवायची, तर परघरी गेल्यावाचून त्यांचे चालणार कसे?