वसई ते नागासाकी : एका समर्पित जीवनाची वाट

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आपल्या वसईच्या सुपुत्राचे, संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण आपण भक्तिभावाने करतो. गास येथील चर्च त्यांच्या नावाने उभे आहे, वसईतील महाविद्यालय त्यांचे नाव अभिमानाने मिरविते, आणि कितीतरी घरांत मुलांची नावे त्यांच्यावरून ठेवली गेली आहेत. त्यांनी जपानात क्रुसावर प्राण ठेवले, एवढे आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या क्रुसापर्यंत ते कोणत्या वाटेने गेले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. या लेखात आम्ही प्रामुख्याने त्या वाटेचाच मागोवा घेणार आहोत. समर्पित जीवन म्हणजे काय, हे तिच्याइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरीकडे पाहावयास मिळते.

वसई १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती आली. त्यानंतर सुमारे वीस-बावीस वर्षांनी, म्हणजे १५५६च्या सुमारास, गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. येशूसंघीय धर्मगुरूंच्या देखरेखीखाली त्यांचे बालपण गेले आणि त्यांच्याच सहवासात प्रभुसेवेची ओढ त्या बालमनात रुजली. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, १५७२ साली, त्या धर्मगुरूंसोबत ते जपानच्या प्रवासाला निघाले. ज्या काळी समुद्रप्रवासाला निघालेला माणूस परत येईल याची शाश्वती कोणी देत नसे, त्या काळी त्या माउलीने आपला मुलगा देवाच्या स्वाधीन केला. तिचे नाव आज आपल्या ओठांवर नाही, तरी वसईच्या या पहिल्या संताच्या कथेत तिचा वाटा मोठा आहे.

जपानात गोन्सालो यांनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. जपानी भाषा त्यांनी अशी काही आत्मसात केली, की पुढे राजदरबारी दुभाषा म्हणून त्यांचीच निवड झाली. मुलांना धर्मशिक्षण द्यावे, रुग्णांना भेटावे, धर्मगुरूंसोबत गावोगाव फिरावे, असा त्यांचा दिनक्रम होता. मनात एकच आस होती : येशूसंघात आपला स्वीकार व्हावा. तो झाला नाही. एतद्देशीय अथवा मिश्र वंशाच्या तरुणांना धर्मसंघात घेण्याविषयी त्या काळी फार मोठा संकोच होता. आशा दाखविली जात होती, वर्षे उलटत होती आणि दार बंदच राहत होते.

येथे आम्हांला क्षणभर थांबावेसे वाटते. आम्ही गेली कित्येक वर्षे धर्मग्रामांत सेवा करीत आहोत. सेमिनरीत गेलेला मुलगा दोन-चार वर्षांनी परत आला, की त्याच्या घरावर कशी अवकळा पसरते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. आई शेजारणींची नजर चुकविते, वडील मिस्सेनंतर लगबगीने घर गाठतात आणि तो बिचारा मुलगा, काही अपराध केल्याप्रमाणे, शेवटच्या बाकावर बसू लागतो. कोणी उघड बोलत नाही, पण ‘परत आला’ हे दोन शब्द त्याचा पिच्छा सोडीत नाहीत. अशा घरी आम्ही जातो तेव्हा संत गोन्सालो यांचीच कथा सांगतो. आपल्या या संतालाही एकदा दार बंद मिळाले होते, आणि तेही आठ वर्षांच्या निष्ठेच्या सेवेनंतर!

पुढे काय झाले? गोन्सालो व्यापारात शिरले. पूर्वेकडील बंदरांतून त्यांनी व्यापार केला, त्यात त्यांना यश लाभले आणि पैसाही मिळाला. लोकांच्या दृष्टीने त्यांचे भले झाले होते; परंतु जी आस त्यांनी वसईहून सोबत नेली होती ती शमली नव्हती. अखेरीस फिलिपाइन्समधील मनिला येथे त्यांची फ्रान्सिस्कन धर्मबंधूंशी गाठ पडली. व्यापार सोडून, कमावलेल्या संपत्तीचा त्याग करून ते त्या संघात दाखल झाले. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे व्रतबंधू म्हणून. ब्रह्मचर्य, निर्धनता आणि आज्ञापालन ही तीन व्रते त्यांनी घेतली. वेदीवर मिस्साबलिदान अर्पण करण्याचा मान त्यांच्या वाट्यास कधी येणार नव्हता. मठातील पडेल ते काम करावे आणि सांगतील तेथे जावे, एवढेच त्यांच्या हाती होते आणि तेवढ्यात त्यांना समाधान होते.

१५९३ साली फिलिपाइन्सच्या गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली जपानचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याच्याकडे एक शिष्टमंडळ धाडले. दुभाषा म्हणून बंधू गोन्सालो सोबत होते. ज्या भूमीतून निराश होऊन ते निघाले होते, तेथेच देवाने त्यांना परत पाठविले! हिदेयोशीने १५८७ सालीच मिशनरींना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. तथापि तो कसोशीने अमलात आणला गेला नव्हता. फ्रान्सिस्कनांना क्योतो येथे जागा मिळाली. तेथे त्यांनी लहानसे चर्च, मठ आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले. घरच्यांनी टाकून दिलेल्या रुग्णांच्या जखमा हे बंधू आपल्या हातांनी धूत असत.

१५९६च्या ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला आणि त्यातून उद्भवलेल्या वादात मिशनरी हे स्पेनच्या स्वारीचे अग्रदूत आहेत असा संशय बळावला. हिदेयोशीचा क्रोध अनावर झाला. डिसेंबरात क्योतोच्या मठाभोवती पहारा बसला. १५९७च्या जानेवारीत कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची गाड्यांतून धिंड काढण्यात आली. नंतर ऐन हिवाळ्यात, सुमारे महिनाभर, शेकडो मैलांची वाट तुडवीत त्यांना नागासाकीला नेण्यात आले. निघताना ते चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघे भाविकही त्यांच्यात सामील केले गेले आणि संख्या सव्वीस झाली.

५ फेब्रुवारी १५९७. निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीने मांडून ठेवले होते. बंधू गोन्सालो तेथे प्रथम पोहोचले. त्यांनी एका क्रुसाकडे जाऊन हा माझाच का, असे विचारले. तो दुसऱ्याचा आहे असे कळताच ते आपल्या क्रुसापाशी गेले आणि गुडघे टेकून त्यांनी त्यास आलिंगन दिले, असा वृत्तांत आहे. ज्याने आयुष्यभर आपल्या जागेची वाट पाहिली, त्याला ती अखेर मिळाली होती. त्यांना खिळे ठोकले नाहीत. लोखंडी कड्यांनी व दोरांनी क्रुसावर आवळून भाल्यांनी त्यांचे प्राण घेण्यात आले. येशूसंघीय पॉल मिकी यांनी क्रुसावरूनच आपल्या मारेकऱ्यांना क्षमा केली.

हे सव्वीस जण कोण होते, याकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. त्यांत सहा फ्रान्सिस्कन व तीन येशूसंघीय होते. उरलेले सतरा जण गृहस्थ भाविक व मुले. धर्मगुरुपदाची दीक्षा झालेले सव्वीसांत अवघे तीन होते! लुदोविको इबाराकी हा बारा वर्षांचा बालक त्यांत होता. श्रद्धा सोड, तुला जीवदान देतो, असे सांगितले असता त्याने नकार दिला. चौदा वर्षांचा तोमास कोझाकी आपल्या पित्यासह क्रुसावर गेला. वाटेत त्याने आईला पत्र लिहिले आणि धाकट्या भावंडांची श्रद्धा सांभाळण्याची विनंती केली. पित्याच्या मृतदेहापाशी ते पत्र सापडले. देवाला सर्वस्व वाहण्याचा अधिकार केवळ झगा घालणाऱ्यांचा नाही, हे नागासाकीच्या त्या टेकडीने सांगून ठेवले आहे.

पुढील इतिहासानेही याचीच साक्ष दिली. १६१४ साली संपूर्ण जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू मारले गेले वा हद्दपार झाले. दोन शतकांहून अधिक काळ तेथे मिस्सा नव्हती, प्रायश्चित्त संस्कार नव्हता. असे असूनही १७ मार्च १८६५ रोजी, याच सव्वीस रक्तसाक्षींना अर्पण केलेल्या नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये, उराकामी गावचे काही लोक आले आणि आपली श्रद्धा तीच आहे, असे त्यांनी फादर पेतिझाँ यांना हळूच सांगितले. पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे त्यांनी विचारले. सात पिढ्या ही ज्योत कोणी जपली? बाप्तिस्मा देणाऱ्या, सणांचे दिवस मोजणाऱ्या, अंधारात मुलांना प्रार्थना शिकविणाऱ्या साध्या कुटुंबांनी!

परमगुरू आठवे अर्बन यांनी १६२७ साली या सव्वीस जणांना धन्य घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी परमगुरू नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. वसईच्या मातीतला, एकदा नाकारला गेलेला तो व्रतबंधू विश्वव्यापी ख्रिस्तसभेच्या वेदीवर पोहोचला.

येत्या सणाला संत गोन्सालो यांच्या प्रतिमेला हार घालताना आपण एवढे अवश्य करावे. आपल्या धर्मग्रामात सेमिनरीतून वा मठातून परत आलेला कोणी तरुण, कोणी तरुणी असेल, तर त्यांना सन्मानाने आपल्या शेजारी बसवून घ्यावे. त्यांच्या मनातली ओढ विझली आहे असे धरून चालू नये. देव त्यांना कोणत्या वाटेने नेणार आहे, हे ना त्यांच्या आईवडिलांना ठाऊक आहे, ना आम्हा धर्मगुरूंना. गोन्सालो यांनी आठ वर्षांच्या सेवेनंतर बंद दार पाहिले आणि तरीही ते चालत राहिले. त्या चालण्याचेच नाव समर्पण आहे, अशी आमची नम्र श्रद्धा आहे.