बंडीच्या वंगणापासून मोटारीच्या मेणापर्यंत

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर भागात घरची गाडी घरीच धुण्याची रीत मोटारीच्या आधीची आहे. ती बंडीपासून सुरू होते. विदर्भात बैलगाडीला बंडी म्हणतात, आणि कापसाच्या या मुलखात शेतातला माल हिंगणघाटच्या बाजारापर्यंत न्यायला तीच कामी येई. तिच्या चाकाचे भाग चार: मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, त्यांना जोडणारे पुठ्ठे आणि सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते, धाव सैल पडते आणि चाक खुळखुळू लागते. म्हणून गाडीवान बंडी नाल्याच्या पाण्यात उभी करीत. लाकूड फुगले की धाव पुन्हा घट्ट बसे. म्हणजे पाणी केवळ स्वच्छतेसाठी नव्हते, ती दुरुस्तीच होती.

पावसाळ्यात अडचण उलटी असे. काळी चिकण माती आऱ्यांच्या बेचक्यात गोळ्यांनी बसे आणि वाळली की दगडासारखी होई. ती ओली असतानाच काठीने किंवा खुरप्याने काढावी लागे. मग आसाला एरंडेलाचे वंगण. ते न मिळालेली बंडी लांबूनच कुरकुरत येई, आणि त्या आवाजावरून मालकाची हयगय गावाला कळे.

वर्षातली मोठी धुणी पोळ्याची. श्रावण अमावस्येला बैलांना नदी-नाल्यावर नेऊन अंग चोळून धुतात, शिंगे घासून रंगवतात, त्यावर बेगड लावतात, पाठीवर झूल घालतात. आदल्या दिवशी खांदेमळणी होते: जोखडाने घासलेला खांदा लोणी-हळदीने मळला जातो. आधी धुणे, मग स्निग्ध पदार्थाने मऊ करणे, शेवटी चकाकी आणणे, हाच क्रम पुढे मोटारीलाही लागू झाला. मोटारीच्या आजच्या डबे-बाटल्यांतही तोच क्रम दिसतो. जिल्ह्यातच सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळ्यातले, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्यातले, मोठे लाकडी नंदीही दरवर्षी घासून-पुसून, सजवून बाहेर काढतात.

बंडी आणि मोटार यांची गाठ वर्ध्यात अक्षरशः एका वाहनात पडली. उद्योगपती जमनालाल बजाज यांनी एका फोर्ड मोटारीला बैल जुंपले होते. ‘ऑक्स’ म्हणजे बैल, म्हणून तिला ‘ऑक्सफोर्ड’ म्हणत. त्याच वर्ध्यात 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. तिथल्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली घाण्याचे तेल, हातकागद, साबण असे उद्योग चालले. घरात लागणारी वस्तू जवळच्याच मालातून करावी हा त्यामागचा विचार होता.

मोटारीला मात्र जवळचा माल पुरला नाही, कारण तिचे कातडे वेगळे होते. सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीसारखेच तेलाचे व्हार्निश लावीत. 1920 च्या दशकात अमेरिकेत लवकर वाळणारा नायट्रोसेल्युलोज रंग आला. तो चकाकत असे, पण उन्हात लवकर निस्तेज होई. त्यामुळे वरचा मेलेला थर किंचित खरवडणारे पॉलिश आणि त्यावर मेण ही जोडी रूढ झाली. अँबेसेडरच्या काळात नीट निगा राखणाऱ्या मालकाच्या डिकीत शॅमॉय कातडे, पिवळे फडके आणि मेणाची डबी सापडे. कातडे पाणी शोषून घेई, पण वाळले की पापडासारखे कडक होई. वापरण्याआधी ते भिजवून पिळावेच लागे.

1959 साली सर्फ आणि 1969 साली निरमा आल्यावर धुण्याची पावडर घरोघरी पोहोचली आणि तीच मोटारीच्या बादलीत पडू लागली. सवय सोयीची होती, पण चुकीची. कपड्याचा तेलकटपणा काढणारी पावडर गाडीवरचे मेणही काढते. ट्रॅक्टर डिझेलच्या बोळ्याने पुसण्याची चालही अशीच. चमक तासाभराची, आणि मग त्याच तेलावर धूळ चिकटते.

नंतरच्या मोटारींवर रंगाच्या वर पारदर्शक थर आला. आता जपायचा तो हा थर, आणि समुद्रपूरच्या भागात त्याचे शत्रू दोन: धूळ आणि पाणी. जाम गावच्या चौरस्त्यावर नागपूर–हैदराबाद महामार्गाची वाहतूक अखंड चालू असते. रस्त्याच्या धुळीत मातीबरोबर गिट्टीचे बारीक कण असतात. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकली की हेच कण थरावर फिरतात आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात. पाणी जड असेल तर थेंब जागीच वाळून पांढरे ठिपके मागे राहतात.

घरच्या साहित्याची निवड यावरूनच ठरते. आधी नुसत्या पाण्याची धार, माती भिजून गळेपर्यंत. मग दोन बादल्या, एकीत गाडीचा सौम्य शाम्पू, दुसरीत साधे पाणी. हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात खळबळला की कण तळाशी राहतात. चाकांचे फडके वेगळे ठेवावे. ते बॉनेटला कधीच लावू नये. पुसायला मायक्रोफायबरचा पंचा, आणि दोन-तीन महिन्यांनी मेणाचा हात. सावली हवीच. महागड्या बाटल्यांपेक्षा दुसरी बादली अधिक उपयोगाची, आणि ती बहुतेक घरांत आधीच असते.

दसऱ्याला अंगणात बंडी, ट्रॅक्टर, दुचाकी आणि मोटार अशी सगळीच वाहने धुऊन पुजली जातात, झेंडूच्या माळा चढतात, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते. कुंकू उन्हात बरेच दिवस राहिले तर पारदर्शक थरावर डाग धरू शकते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भरपूर पाण्याने भिजवून, न घासता उतरवावे.