साकित्सु

साकित्सु : जपानच्या क्यूशू बेटालगतच्या आमाकुसा बेटांवरील मच्छीमारांचे छोटे गाव. कुमामोतो प्रांत, २००६ पासून आमाकुसा शहरात समाविष्ट. डोंगर आणि योकाकू उपसागर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत घरे दाटीने उभी आहेत. घरांमधल्या अरुंद बोळांना ‘तोया’ म्हणतात आणि पाण्यात खांब रोवून बांधलेल्या, होड्या लावण्याच्या व मासळी वाळवण्याच्या मचाणाला ‘काके’.

१५६९ मध्ये लुइस द आल्मेइदा या पोर्तुगीज धर्मप्रचारकाने येथे ख्रिस्ती धर्म आणला. १५९१ ते १५९७ या काळात जेझुइटांचे महाविद्यालय आमाकुसात होते. ते जवळच्या कावाउरा परिसरात असावे, असे मानतात. यूरोपला गेलेल्या चार जपानी मुलांच्या शिष्टमंडळाने परतताना आणलेले छापयंत्र तेथे चालले. हे शिष्टमंडळ १५८७ मध्ये गोव्यात थांबले होते. त्यातील हारा मार्तिनोचे तेथील लॅटिन भाषण १५८८ मध्ये गोव्यातच छापले गेले. आमाकुसातल्या ग्रंथांपैकी ‘हेइके मोनोगातारी’ (१५९२) आणि इसापनीती (१५९३) जपानी भाषेत, पण रोमन लिपीत आहेत. गोव्यातील राचोल येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलेले मराठी ‘क्रिस्तपुराण’ याच परंपरेतले. या दोन्ही जपानी ग्रंथांची एकत्र बांधलेली एकमेव ज्ञात प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, आमाकुसात नाही.

ख्रिस्ती धर्मावरील १६१४ च्या बंदीनंतर गावकरी वरकरणी बौद्ध आणि सुवा देवस्थानाचे भाविक राहिले. देवळात हात जोडून ओठांत मात्र ख्रिस्ती प्रार्थना पुटपुटत. आतून चकाकणाऱ्या शिंपल्यातील नक्षीत ते मेरी पाहत. १८०५ च्या चौकशीत साकित्सु व शेजारच्या तीन गावांत मिळून सुमारे ५,२०० लोक गुप्त ख्रिस्ती निघाले. अधिकाऱ्यांनी ‘पंथाची चूक’ एवढाच शेरा मारून त्यांना सोडले. इतके लोक दोषी ठरवणे परवडणारे नव्हते, हे उघड आहे. बंदी १८७३ मध्ये उठली.

सध्याचे चर्च १९३४ चे. वास्तुरचनाकार तेत्सुकावा योसुके. पुढाकार फ्रेंच धर्मगुरू आल्बू यांचा. पुढचा गॉथिक भाग काँक्रीटचा. पैसा अपुरा पडल्याने मागचा लाकडी. बाकांऐवजी तातामी चटया आहेत. पूर्वी जेथे गावप्रमुखाच्या घरी ख्रिस्ती नसल्याची खूण म्हणून दरवर्षी येशू-मेरीच्या प्रतिमा तुडवायला लावत, त्याच जागी वेदी उभारली आहे. २०१८ पासून हे गाव जागतिक वारसा यादीत आहे.

मुख्य व्यवसाय मासेमारी. देवदारसदृश सुगी झाडाच्या पानासह विकली जाणारी तांदळाची मिठाई येथील खास.

चर्चमध्ये पादत्राणे काढून जावे लागते. आत छायाचित्रे घेण्यास मनाई आहे.