मेजर स्केलमधील उत्स्फूर्त गिटारवादन

मेजर स्केलमधील उत्स्फूर्त गिटारवादन म्हणजे मेजर पट्टीतील गीताच्या कॉर्डसाथीवर आयत्या वेळी सुरेल एकलवादन (सोलो) रचण्याची पद्धत होय. रॉक, कंट्री, ब्लूज आणि जॅझ या संगीतप्रकारांत ती प्रचलित आहे. अशा वादनात वेगापेक्षा गुणगुणता येईल अशा स्वरवाक्यांना अधिक महत्त्व असते.

== स्वररचना ==
मेजर स्केलमध्ये सात स्वर असतात. हिंदुस्तानी संगीतातील बिलावल थाटाच्या सात शुद्ध स्वरांशी ते जुळतात. त्यांतील मध्यम व निषाद वगळल्यास सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर उरतात. यांना मेजर पेंटॅटॉनिक म्हणतात. या पाच स्वरांमध्ये अर्धस्वराचे अंतर कोठेही येत नसल्याने विसंवाद टळतो. म्हणूनच नवोदित वादकांना आरंभी हीच स्वरावली शिकवतात.

सी मेजर पेंटॅटॉनिक आणि ए मायनर पेंटॅटॉनिक यांचे स्वर एकच आहेत. त्यामुळे ब्लूज शिकलेला वादक सी मायनर पेंटॅटॉनिकची आठव्या पडद्यावरील ओळखीची आकृती तीन पडदे खाली, म्हणजे पाचव्या पडद्यावर, सरकवून सी मेजरमध्ये वाजवू शकतो. मात्र बोटांच्या जुन्या सवयीने तो प्रत्येक वाक्य ए या स्वरावर संपवू लागला, तर स्वर योग्य असूनही वादन अधांतरी वाटते. आकृती तीच राहिली, तरी विश्रांतीचा स्वर बदलणे आवश्यक असते.

== कॉर्ड आणि न्यास ==
सुरेल सोलोचा मुख्य आधार म्हणजे चालू कॉर्डमधील स्वर. सी मेजरमध्ये सी कॉर्डचे स्वर सा, ग, प. एफ कॉर्डचे म, ध, सा. तर जी कॉर्डचे प, नी, रे असे असतात. कॉर्ड बदलते त्या क्षणी तिच्यातील एखाद्या स्वरावर न्यास केल्यास साथ वाजत नसतानाही ऐकणाऱ्याला कॉर्डबदल जाणवतो. सीवरून एफकडे जाताना ग ते म आणि जीवरून सीकडे परतताना नी ते सा ही अर्धस्वराची पावले विशेष परिणामकारक ठरतात. याउलट, सी कॉर्डवर मध्यम लांबवल्यास तो लगतच्या गंधाराशी विसंगत वाटतो. ओझरता घेतल्यास खटकत नाही.

== वादनतंत्र ==
तार ताणून रिषभावरून गंधारापर्यंत जाणे, दोन तारांवर तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतराने जोडस्वर वाजवणे, तसेच कोमल गंधाराला स्पर्श करून शुद्ध गंधारावर येणे या नेहमीच्या युक्त्या आहेत. एखादे लहान स्वरवाक्य घेऊन ते किंचित बदलून पुन्हा वाजवणे आणि वाक्यांमध्ये विराम ठेवणे यांमुळे सोलोला आकार येतो. स्वरवाक्य आधी गाऊन मग वाजवण्याचा सराव यासाठी उपयुक्त मानला जातो.

== उदाहरणे ==
अमेरिकेतील ऑलमन ब्रदर्स बँडचे 'ब्लू स्काय' (१९७२) हे ई मेजरमधील गीत या शैलीचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्यात ई आणि ए या दोन कॉर्डच्या आवर्तनावर ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स यांनी एकापाठोपाठ एक सोलो वाजवले आहेत. ऑक्टोबर १९७१ मध्ये ऑलमन यांचे अपघाती निधन झाले व हे ध्वनिमुद्रण त्यानंतर प्रकाशित झाले. बेट्स यांची 'जेसिका' (१९७३) ही वाद्यरचना जँगो राइनहार्ट यांच्या वादनापासून प्रेरित आहे.

== हिंदुस्तानी संगीताशी तुलना ==
मेजर पेंटॅटॉनिकचे पाच स्वर भूप रागातही आहेत. देशकारातही तेच स्वर लागतात. परंतु भूपाचा वादी गंधार, तर देशकाराचा धैवत आहे. समान स्वरांतून भिन्न भाव कसा निर्माण होतो, हे दोन्ही परंपरांत दिसते. रागसंगीतात षड्ज स्थिर असतो व स्वरांचे महत्त्व रागाच्या नियमांनी ठरते. गिटार सोलोत मात्र कॉर्ड बदलताच न्यासाचा स्वरही बदलतो.