वरातीची मोटार



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण सासूबाईंच्या तोंडून ऐकलेली त्यांच्या काळची हकिगत लिहून ठेवण्याजोगी आहे, म्हणून हे धाडस.

सासूबाईंचे माहेर लातूरचे. १९६६ साली त्या लग्न होऊन नांदेडला आल्या. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. १९५५ च्या कायद्याने मुलीला पंधरा वर्षे पुरी झाली की लग्न करता येई. सासूबाई सोळाच्या होत्या. पाहायला मंडळी आली तेव्हा त्यांनी मान खाली घालून नाव सांगितले आणि मामंजींचे फक्त पाय पाहिले. पसंती त्यांना कोणी विचारलीच नाही.

त्या काळी मोटार म्हणजे अपूर्वाई. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला अँबॅसेडर तयार होई, मुंबईत कुर्ल्याला फियाट. पैसे भरूनही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. लग्नाला एका ओळखीच्या आडत्याची अँबॅसेडर मागून आणली होती. तिला झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे बांधले. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत परण्या निघाला. पुढे वाजंत्री, बाजूला गॅसबत्त्या, आणि मोटार मुंगीच्या पावलाने. पोरे तिला हात लावून पाहत होती. लग्न लागले, मोटार धन्याकडे परत गेली.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड एसटीने नांदेडला निघाले. आपल्या भागात सरकारी बस जुनी. निजामाच्या रेल्वेखात्याने ती १९३२ साली सुरू केली होती. सासूबाई बायकांत बसल्या, मामंजी पुरुषांत. रस्ता खडबडीत, धूळ उडत होती, त्यांना मळमळू लागले. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मामंजी खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "लिंबू आणू का?" नवऱ्याचे हे पहिले बोलणे. सासूबाई म्हणतात, "त्या लिंबावरच माझा जीव जडला." त्यांचे प्रेम असे लग्नानंतर सुरू झाले.

आता माझे सांगते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. तरी माझ्या लग्नात स्कूटर मागितली गेली. वडिलांनी बैलजोडी विकून ती दिली. सासूबाई त्या वेळी गप्प राहिल्या. पुढे कित्येक वर्षांनी, अंगणात गंजत पडलेल्या त्या स्कूटरकडे पाहून त्या मला म्हणाल्या, "बाई, आमची मोटार मागून आणलेली, संध्याकाळी परत गेली. ही मागून घेतलेली, ही कशी परत करायची? तेव्हाच बोलायला हवं होतं मी." आम्ही दोघीही रडलो.

अँबॅसेडरचा कारखाना २०१४ साली बंद पडला. मुलीचे वय १९७८ च्या दुरुस्तीने अठरा झाले. काळ बदलला, पण बैठकीत गाडीचे नाव अजून निघतेच.

माझ्या मुलीला पाहायला मंडळी येतील तेव्हा तिची पसंती मी आधी विचारीन. गाडीचा विषय निघाला तर पोह्यांच्या बशा उचलून आत नेईन. आणि मुलाच्या लग्नात, सासूबाईंसारखी गप्प बसणार नाही.

भगिनींनो, वर्धापनदिनी आपण सगळ्यांनीच हे ठरवावे, अशी माझी नम्र विनंती आहे.